लग्नातले पाहुण्यांचे जादा फोटो: एका हंगामाच्या नोंदी

सोलापूर आणि आसपास लग्नाची कामं करणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, याबद्दल इथं फार काही नाही. ठरलेल्या कामाबाहेरचे फोटो, म्हणजे "ओ फोटोग्राफर, आमचा बी एक काढा की" या वाक्यानं सुरू होणारं सगळं, कसं निभवायचं यासाठी तुळशीच्या लग्नानंतर मेपर्यंत जे करून बघितलं ते तारखेवार लिहिलंय. माझी नेहमीची ऑर्डर अशी: मी, एक व्हिडिओवाला आणि लाइट धरणारा एक पोरगा. हळद, लग्न आणि एक करिझ्मा अल्बम, म्हणजे फोटो थेट पानांवर छापलेला.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

होटगी रोडचं लग्न. रात्री कार्ड रिकामी केली तर अडीच हजारांच्या आसपास फ्रेम. त्यातल्या सातशेएक फ्रेममध्ये ना नवरा, ना नवरी, ना विधी. करवल्यांचे गट, रुखवतासमोर उभ्या राहिलेल्या बायका, नव्या फेट्यातली पोरं, कडेवर बाळ घेतलेले मामा.

मागणाऱ्याला वाटतं बटण दाबलं की काम संपलं. बटण दाबायला काहीच लागत नाही, त्रास पुढं आहे. अल्बमसाठी दोनशे-अडीचशे फोटो निवडायचं काम घरातल्या कुणा भावाकडं असतं आणि तो या सातशेच्या ढिगात अडकतो. गेल्या हंगामातल्या एका घरचं सिलेक्शन आषाढ लागला तरी आलं नव्हतं. सिलेक्शन नाही तर अल्बम नाही, अल्बम नाही तर शेवटचा हप्ता नाही. म्हणजे पाहुण्यांचे फुकटचे फोटो माझ्या पैशावरच बसून राहतात.

पहिला बदल: पाहुण्यांचे फोटो वेगळ्या कॅमेऱ्यावर. कॅमेऱ्याला दोन स्लॉट आहेत, पण दुसरं कार्ड बॅकअपचं आहे, त्याला हात लावणार नाही. कपाटातला जुना कॅमेरा बाहेर काढला.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल विधानसभेचा निकाल, आज लग्न. कुठल्या मुहूर्तावर काय होणार हे यावरून समजून घ्या. मुहूर्त १२.३५ चा, अक्षता पडल्या सव्वा वाजता. मधल्या वेळात स्टेजवर शाल, फेटा, नारळ. निवडून आलेले साहेब आले, पडलेले पण आले, आणि दोघांच्या मागं अर्धा मांडव स्टेजवर चढला. प्रत्येकाला साहेबांबरोबर एक पाहिजे. नवरदेव मुंडावळ्या सावरत मागं उभा.

आजची युक्ती अशी होती की कुणी फोटो मागितला की "जेवण झाल्यावर काढू" म्हणायचं. ती साफ फसली. जेवण झालेला पाहुणा थांबत नाही. मंगळवेढ्याची, अक्कलकोटची मंडळी भाड्याच्या गाडीनं आलेली असतात आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. जे थांबले ते मला शोधत फिरले तेव्हा मी सप्तपदीला होतो. त्यातल्या दोघांनी थेट नवरीच्या वडिलांना गाठलं. वडील घामाघूम होऊन माझ्याकडं आले, "अहो काढून टाका की, किती वेळ लागतोय त्याला?" त्यांच्यापुढं काय बोलणार.

वेळ सांगून उपयोग नाही, जागा सांगायला पाहिजे. "तिथं जावा, तिथं काढायलेत" असं म्हटलं की माणूस वळतो. बोट दाखवायला काहीतरी लागतं.

२ डिसेंबर, सोमवार

पाहुण्यांचा कोपरा, पहिला प्रयत्न. यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले कारखानदार, घरचे माग. त्यांनी हौसेनं मोराच्या नक्षीच्या दोन डबल चादरी दिल्या, "ह्याचाच पडदा करा." रिकामा पडदा बघायला फार देखणा. समोर माणसं उभी राहिली आणि सगळं विस्कटलं. चादरीतले लाल-हिरवे मोर, वर काठापदराच्या साड्या, त्यात फेटे. चेहरा कुठं आहे ते शोधावं लागत होतं. अर्ध्या तासात चादरी काढून मांडववाल्याकडचा साधा मरून पडदा लावला. यजमानांना वाईट वाटू नये म्हणून एक चादर घडी घालून खुर्चीवर टाकली, तीवर आजी-आजोबा बसले. ती फ्रेममध्ये शोभली.

लाइट: एक सॉफ्टबॉक्स, डोक्याच्या वर, बाजूनं, फ्लॅश पाव पॉवरवर. पूर्ण पॉवरवर सलग मारला की फ्लॅश तापून बंद पडतो, सेलही टिकत नाहीत. दोन रांगा असतात म्हणून एफ ८, शटर १/१२५, आयएसओ ८००. एकदा लावलं की हात लावायचा नाही, म्हणजे पोरगाही चालवू शकतो.

माणसांनी उभं कुठं राहायचं? जमिनीवर चिकटपट्टी लावली, ती लहान पोरांनी उचकटली. रांगोळीची रेघ मारली, ती दहा मिनिटांत पुसली गेली आणि एका काकूंच्या पैठणीला लागली. शेवटी मांडवाच्या दोन खुर्च्या ठेवल्या आणि त्यांचे पाय सुतळीनं एकमेकांना बांधले. वडीलधारे आपोआप बसतात, बाकीचे आपोआप मागं उभे राहतात. कुणाला काही सांगावं लागत नाही. सगळ्या हंगामातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

जागा मात्र चुकीची होती. स्टेजच्या बाजूला साउंडच्या बॉक्समुळं ओरडून घसा बसला. पंगतीच्या दाराशी नेलं तर लोक ओल्या हातानं, तोंडात पान घेऊन. दुपारनंतर अत्तर-गुलाबपाण्याच्या टेबलाशेजारी, प्रवेशद्वारापाशी आणलं. तिथं माणूस नुकताच आलेला असतो, घाम नाही, पावडर जागेवर, आणि भूक लागलेली नसल्यामुळं रांगेत भांडत नाही. पुढं सगळीकडं हीच जागा धरली.

१५ डिसेंबर, रविवार

सोलापूरच्या पूर्व भागातलं लग्न, पद्मशाली घर, म्हणजे बोलणं तेलुगूत. मी आणि पोरगा दोघंही मराठीच, त्यामुळं कोपऱ्यात आज्या नुसत्या हसून बघत होत्या. नवरीचा एक चुलतभाऊ कंटाळून शेजारी येऊन उभा राहिला आणि "इक्कड चूडंडी" करून त्यानं रांग अशी पळवली की आम्ही बघतच राहिलो. तेव्हापासून कोपऱ्यावरचा पोरगा निवडताना फोटोग्राफी येते का हे मी दुसऱ्या नंबरला विचारतो. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं "इल्ली नोड्री" म्हणता येणारा, आणि हिंदी सगळीकडं.

दुसरी गोष्ट, कोपरा बंद कधी करायचा. जीलकर्र-बेल्लमचा मुहूर्त आला, म्हणजे वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ धरायची वेळ, तेव्हाही कोपऱ्यात रांग होती आणि नवरीची सख्खी मावशी रांगेत! तिला हाका मारत होते. कोपरा सुरू आहे तोवर लोक तिथंच राहणार. आता मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी खुर्च्या उलट्या करून पडद्यावर ओढणी टाकतो. "बंद आहे" असा बोर्ड लावून बघितला, तो कुणी वाचत नाही. उलटी खुर्ची सगळ्यांना कळते.

घरच्यांपैकी एक माणूस कोपऱ्यासाठी मागून घ्यायची सवयही इथूनच लागली. कोण कुणाचं, कुणाला आधी घ्यायचं, हे त्यानं सांगायचं. वडील, भाऊ नकोत, ते पळापळीत असतात. दाजी तर अजिबात नकोत; त्यांचा स्वतःचाच मान राहिलेला असतो आणि फेटा बांधायला बोलावलं नाही म्हणून ते आधीच फुगलेले. सगळ्यात उत्तम म्हणजे नात्यातली तिशीतली एखादी ताई. तिला सगळी नावं माहीत असतात आणि तिला कुणी उलट बोलत नाही.

२२ डिसेंबर

फोटो निघाले, आता पोचवायचे. इथं सगळा वेळ जातोय.

पोरगा वहीत मोबाईल नंबर लिहून घेत होता. घाईत लिहिलेला सात आणि एक सारखाच, त्यामुळं एका घरचे फोटो पंढरपूरच्या कुणा अनोळखी दुकानदाराला गेले. त्यांनी बिचाऱ्यांनी "छान आहेत, पण आमचे नाहीत" असं उत्तर पाठवलं. शिवाय जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ बारा तास पुढं. दुपारी एकचे फोटो रात्री एकचे दाखवत होता, तारीख बदललेली. वहीतली वेळ आणि फोटोची वेळ जुळेना. दोन कॅमेरे असतील तर लग्नाआधी दोन्हींची घड्याळं एकत्र लावा आणि दोन्हींनी एकाच मोबाईलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा. नंतर फरक धरता येतो.

आता वही बंद. चप्पल स्टँडवाल्याकडं असतात तसले पत्र्याचे नंबरी बिल्ले घेतले. घरातल्या एकानं पहिल्या फ्रेममध्ये बिल्ला छातीशी धरायचा, पुढच्या फ्रेम त्या घराच्या. माणसाला त्याच नंबरची चिठ्ठी. तीवर माझा व्हॉट्सॲप नंबर; फोटो पाहिजे त्यानं चिठ्ठीचा फोटो मला पाठवायचा. म्हणजे नंबर लिहायची चूक होत नाही, आणि ज्याला खरंच पाहिजे तोच मागतो. चिठ्ठ्या घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक पुढं काही पाठवतच नाहीत. त्यांना फोटो काढून घ्यायचा होता, फोटो नको होता. हे कळल्यावर माझं बरंच ओझं उतरलं.

एक तांत्रिक गोष्ट, कारण यावरून फोन फार येतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसून जातो, लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास उरते. मोबाईलवर बघायला, ६×४ ची प्रिंट काढायला तेवढं चालून जातं. पण तोच फोटो कुणी नवी पेठेत नेऊन १२×१८ ची फ्रेम करायला सांगतो आणि मग "फोटोग्राफरनं फाटका फोटो दिला" म्हणतो. १२×१८ चांगली यायची तर ५४००×३६०० पिक्सेल लागतात. मोठी करायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागा, असं आता चिठ्ठीच्या मागं छापलंय.

१९ जानेवारी २०२५

पौष. लग्नं बंद. गावात या महिन्यात एकच लग्न, सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी, संमती कट्ट्यावर, आणि त्याला अख्खं सोलापूर वऱ्हाडी. सिद्धेश्वरांच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यात, बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घातलेल्या नातेवाइकांनी घराघरांत फोटो मागितले, ते आनंदानं काढले. शिकायला एक मिळालं: पांढऱ्याशुभ्र बाराबंदीवर फ्लॅश लावलेल्या सेटिंगनं मारला की कापडाची चुणी दिसत नाही, नुसता पांढरा ठिपका. एक स्टॉप खाली घ्यायचा, म्हणजे उजेड निम्मा. मांडवातल्या पांढऱ्या धोतर-नेहरूशर्टवाल्या तात्यांनाही हेच लागू.

रिकाम्या वेळात मित्राचा छोटा प्रिंटर आणून बसलो. फोटो जागेवर हातात दिला तर पाठवायची भानगडच नको, हा विचार. या डायसब प्रिंटरमध्ये शाई नसते. रिबन तापून रंग कागदावर उतरतो, आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, वर पारदर्शक थर. प्रत्येक रंगाला कागद एकदा बाहेर येतो आणि आत जातो. शेजारची पोरं "पिवळा आला, पिवळा आला" करत बसली. मजा आहे, पण एका प्रिंटला पाऊण मिनिट, आणि कागद मागून बाहेर डोकावतो तेव्हा धूळ धरतो. धूळ बसली तिथं रंग उतरत नाही, पांढरा ठिपका राहतो. नेमका नाकावर. खर्च एका प्रिंटला पंचवीसच्या पुढं. मांडवात हे चालणार नाही. रोलवाला मोठा प्रिंटर भाड्यानं बघायचा; त्याचा कागद आतच राहतो, प्रिंट पंधरा सेकंदांत, आणि एका प्रिंटमागं दहा रुपयांच्या आसपास.

२ फेब्रुवारी, रविवार

माघातलं पहिलं लग्न, विजापूर रोड. रोल प्रिंटर, भाडं दिवसाला अडीच हजार. भाडं काढायचं म्हणून पाहुण्यांकडून प्रिंटला पन्नास रुपये. पहिल्या तासात झकास चाललं, लोक शंभराची नोट देऊन दोन घेत होते.

मग नवरीचे वडील आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "माझ्या दारात जेवायला आलेल्या माणसाकडनं तुम्ही पन्नास रुपये घेता?" मागं एक आत्या उभ्या होत्या, त्यांनी पर्समध्ये काढलेले पैसे परत आत ठेवले. मी जागेवर पैसे घेणं थांबवलं, घेतलेले ज्यांचे आठवले त्यांना परत दिले. त्या दिवशी प्रिंटर खिशातून गेला.

रागाचा मुद्दा नाही, ते बरोबरच होते. मांडवातलं पाणीसुद्धा यजमानाच्या नावावर असतं. पाहुण्याला फोटो हवा असेल तर ती यजमानानं करायची सरबराई आहे. मी तिथं दुकान मांडू शकत नाही, तसंच त्यांच्या पाहुण्याला परस्पर नाही पण म्हणू शकत नाही. दोन्ही वेळा मी त्यांच्या जागी उभा राहत होतो.

६ फेब्रुवारी

ओळखीच्या वकिलांकडं करारनाम्याचा कागद घेऊन गेलो, तर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली जी मला इतकी वर्षं माहीत नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७: पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे लग्नातल्या फोटोंची मालकी यजमानाची. मी समजत होतो काढणारा मालक. तेव्हा पाहुण्याला फोटो विकायचा, आपल्या पेजवर टाकायचा, दुकानाच्या काचेत लावायचा, तर आधी यजमानाची लेखी परवानगी घेतलेली बरी.

करारात घातलेल्या ओळी, पाहिजे तर उचला: पाहुण्यांचा कोपरा घ्यायचा की नाही ते यजमान ठरवतील. त्याचे तास आणि प्रिंटची संख्या आधी ठरेल, पैसे यजमान देतील, पाहुण्यांकडून काही घेतलं जाणार नाही. स्टेजवर आणि विधी चालू असताना जादा फोटो निघणार नाहीत. कोपऱ्यातले फोटो अल्बमच्या सिलेक्शनमध्ये येणार नाहीत. कोपऱ्यासाठी घरातलं एक माणूस यजमान देतील. पाहुण्यांचे फोटो ज्याचे त्यालाच दिले जातील.

ही शेवटची ओळ तेव्हा सहज लिहिली होती. तिचं महत्त्व मार्चमध्ये कळलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

यजमानांनी पैसे भरलेला पहिला कोपरा. चार तास, दीडशे प्रिंट, एका घराला एक. प्रिंटच्या पाकिटावर वधूवरांची नावं आणि तारीख छापली, यजमान त्यावरच खूश. "आमच्याकडनं आठवण" म्हणून स्वतः चार जणांना हातानं दिली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली तीच गोष्ट, फक्त पैसे देणारा हात बदलला.

आज एक आजी आल्या. नव्वदीच्या असाव्यात, नऊवारी, नाकात चमकी, हातात काठी. सगळं घर मागं उभं राहायला लागलं तर म्हणाल्या, "तुम्ही सरका. एकटीचा काढ रे बाबा." पदर डोक्यावरून नीट घेतला, काठी सुनेकडं दिली. सून म्हणाली, "आत्याबाई, जरा हसा की." आजी म्हणाल्या, "हसून कशाला? भिंतीवर हार घालून हसत बसू काय?" सगळे दचकले, आजी मात्र एकदम निवांत.

तो फोटो कोपऱ्याच्या सेटिंगवर काढला नाही. मोतीबिंदूनंतरचा जाड चष्मा, फ्लॅश सरळ काचेत चमकत होता. खुर्ची दारापाशी नेली, बाजूनं उन्हाचा उजेड, फ्लॅश बंद, ८५ ची लेन्स. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या की काच थोडी खाली झुकते आणि चमक जाते. दोन-तीन मिनिटं गेली, रांग कुरकुरली. जाऊ दे. म्हातारं माणूस एकट्याचा मागत असेल तर तो नंबरात धरायचा नाही, घाई करायची नाही, आणि मूळ फाइल त्याच आठवड्यात मुलाला डॉक्युमेंट म्हणून द्यायची. असे फोटो मी हार्ड डिस्कवरून पुसत नाही. बाकी पाहुण्यांचे तीन महिन्यांनी पुसतो.

९ मार्च

चिठ्ठ्यांना उत्तरं देऊन वैतागलो होतो म्हणून एका लग्नाचे कोपऱ्यातले सगळे फोटो ड्राइव्हवर टाकून क्यूआर कोड छापला. स्कॅन करा, आपापला घ्या. माझे कष्ट शून्य.

आज एका मुलीच्या काकांचा फोन. त्यांच्या पुतणीचा पिवळ्या साडीतला फोटो कुठल्या तरी स्थळांच्या ग्रुपवर फिरतोय, खाली शिक्षण आणि उंचीसकट. मुलगी पुण्यात शिकतेय, घरात लग्नाचा विषयसुद्धा नाही. लिंक उघडी होती, कुणीतरी उचलला. कुणी ते कळणार नाही. काका रागावले होते पण समजूतदार होते. मी लिंक फोन चालू असतानाच बंद केली.

ही मागणी समोरासमोरही येते, दर लग्नात. दोन प्रकार आहेत. आई स्वतःच्या मुलीला घेऊन येते, "शालू नेसलीय तोवर स्थळाला पाठवायला एक उभा, एक बसून काढा." हा काढायचा, चांगला काढायचा, आणि मुलीला स्वतःला विचारून काढायचा, तोंड पाडून उभ्या पोरीचा फोटो तसाही कामाचा नसतो. दुसरा प्रकार: कुणा मुलाची आई हळूच, "ती बघा, खांबाजवळची, तिचा एक द्या की आमच्या मोबाईलवर." हा द्यायचा नाही. कारणं सांगत बसलो तर त्या वाद घालतात. मी म्हणतो, "कोपऱ्यावरच्या ताईंना विचारा, त्यांच्या परवानगीशिवाय मला देता येत नाही." ताईला विचारायची कुणाची छाती होत नाही.

चेहरा ओळखून आपोआप फोटो देणारी ॲप वापरून बघायचा विचार होता. तूर्त नको. बिल्ला-चिठ्ठी कष्टाची आहे पण ज्याचा फोटो त्याच्याच हातात जातो.

२० एप्रिल, रविवार

पारा चाळिशीच्या वर, मांडव पत्र्याचा. लग्न गोरज मुहूर्तावर, पण पाहुणे सकाळपासून. दुपारी प्रिंटर दोन-दोन मिनिटं थांबायला लागला. आतलं हेड तापलं की तो थंड होईपर्यंत पुढची प्रिंट घेत नाही. बिघाड समजून पोरानं तीनदा बंद-चालू केला, त्यात दर वेळी रिबनचा एक तुकडा वाया. टेबल कूलरजवळ नेलं. कूलरचं थेट वारं नको, दमट हवेनं कागद वाकतो. बाजूला ठेवायचा.

त्यात लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट, तेवढ्यात प्रिंट अर्धवट आणि कागद अडकला. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस लावला तर प्रिंटर छापायला लागल्याबरोबर तो कुईं करून बंद. प्रिंटर छापताना साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढतो, छोट्या यूपीएसला ते पेलत नाही. मोठा हवा. किंवा लाइट येण्याजाण्याच्या दिवसांत प्रिंट नकोच म्हणून यजमानांना सांगावं. मी दुसरं केलं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

एका दिवशी दोन ऑर्डर. एका ठिकाणी कोपरा पूर्ण पोरावर सोडला. ताई, उलट्या खुर्च्या, बिल्ले, सगळं त्यानं नीट केलं. एकच तक्रार आली: नवरदेवाकडच्यांनी स्वतःचा फोटोग्राफर आणला होता आणि त्यानं आमच्या पडद्यासमोर आमच्याच लाइटखाली आपले ग्रुप काढून घेतले. पोरगा भांडायला निघाला होता. सोडून दे म्हटलं. तेवढे पाहुणे आपल्या रांगेतून कमी झाले.

स्टेजवर आहेराची पाकिटं देतानाचे फोटो मात्र कोपऱ्यात येत नाहीत, येणारही नाहीत. पाकीट देणाऱ्याला ते देतानाचाच फोटो पाहिजे. ते मुख्य कामात धरले आहेत, माणशी एक क्लिक, डोळे मिटले तर दोन. मागं एलईडीची भिंत असेल तर शटर १/१०० च्या वर नेऊ नका, पट्टे येतात.

१८ मे

हिशेब. प्रिंटसकट कोपऱ्याला मी सहा हजार घेत होतो. प्रिंटरभाडं २,५००, दीडशे प्रिंट १,५००, पाकिटं ४५०, पोराचा रोज ८००. बेरीज ५,२५०. उरले साडेसातशे, त्यात माझं ने-आण करायचं पेट्रोल आणि रात्रीची चिठ्ठ्यांची उत्तरं. हे परवडत नाही. पुढच्या हंगामाला साडेसात हजार सांगणार. नुसता कोपरा, प्रिंट नाही, दोन हजार. तो परवडतो, आणि तोच जास्त जातो.

पैसे उरले ते दुसऱ्या बाजूला. माघापासूनच्या ऑर्डरींची सिलेक्शनं लवकर आली, कारण निवडणाऱ्यासमोर आता सातशे करवल्या नाहीत. फेब्रुवारीतल्या एका घरचा अल्बम मार्चअखेर पोचला आणि शेवटचा हप्ता त्याच दिवशी मिळाला. असं आधी झालेलं आठवत नाही.

अजून सुटलेलं नाही ते रील. "दादा, स्लो मोशनमध्ये एक घ्या ना" म्हणणारी पोरं कोपऱ्यात मावत नाहीत, त्यांना हॉलभर पळायचं असतं. त्यांना सध्या व्हिडिओवाल्याकडं पाठवतो आणि व्हिडिओवाला माझ्यावर चिडतो.

पुण्यात एक जुना रोल प्रिंटर विकायला आहे. जाऊन बघायचाय. आतापर्यंत किती प्रिंट काढल्यात तो आकडा मशीनमध्येच दिसतो, तो आधी विचारायचा. आणि पूर्ण राखाडी रंगाची एक प्रिंट समोर काढून मागायची. हेड गेलेलं असेल तर त्यावर उभी बारीक रेघ दिसते, माणसांच्या फोटोत ती लपून जाते.